बालवाडीतली पाठराखीण

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि राजमुद्रा उभ्या राहतात. आज आम्ही ज्या गोष्टीचा इतिहास सांगावयास उभे आहोत तिच्यात यांपैकी काहीच नाही. तिचा नायक चार वर्षांचा आहे. तो चावतो, ओरबाडतो, दुसऱ्याने रचलेला मनोरा लाथेसरशी उडवून देतो, गोष्ट रंगात आली असता दाराबाहेर पळ काढतो. त्याच्यापुढे पंचवीस-तीस पोरांच्या गलक्यात एकटी उभी असलेली शिक्षिका काय करावे ते न सुचून अखेर हात उगारते, किंवा त्याच्या आईला बोलावून ‘याला उद्यापासून पाठवू नका’ असे सांगते. हे दृश्य आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. काहींनी ते त्या मुलाच्या जागी उभे राहूनही अनुभवले असेल! त्या मुलाविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु त्या शिक्षिकेच्या पाठीशी कोण उभे राहिले, हे विचारणारे थोडे.

आपल्याकडे नवी नवरी सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जात असे. ती नवरीची कामे करीत नसे आणि सासूकडे तिच्या चुगल्याही करीत नसे. चार दिवस जवळ राहावे, नव्या घराची रीत तिच्याबरोबरीने पाहावी, रात्री दोन शब्द बोलावेत आणि परत यावे, एवढेच तिचे काम. अलीकडे शिक्षणशास्त्रात ज्याला कोचिंग म्हणतात, म्हणजे परीक्षेच्या शिकवण्या नव्हेत, तर शिक्षिकेच्या वर्गात जाऊन तिच्याशेजारी बसून तिला हात देणे, त्याला आम्हांस पाठराखीण हाच शब्द योग्य वाटतो.

या कथेचा आरंभ फ्रान्समध्ये होतो. १८०० सालच्या जानेवारीत आव्हेरों प्रांतातील एका गावात रानातून आलेला, अकरा-बारा वर्षांचा, बोलता न येणारा मुलगा लोकांच्या हाती लागला. त्याला पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेत आणले. वेड्यांच्या पायांतील साखळ्या काढून टाकण्याच्या सुधारणेशी ज्याचे नाव जोडले जाते त्या पिनेलने त्याला तपासले आणि हा जन्मजात मतिमंद आहे, याच्याविषयी आशा नको, असा निर्वाळा दिला. ईतार नावाच्या तरुण डॉक्टरला मात्र हे पटले नाही. त्याने मुलाला व्हिक्टर हे नाव दिले आणि पाच वर्षे त्याच्यावर मेहनत घेतली. १८०१ आणि १८०६ साली त्याने लिहिलेले दोन अहवाल आजही शिक्षणाच्या इतिहासात आदराने वाचले जातात.

त्या अहवालांतील दोन प्रसंग श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. पहिला असा. अक्षरांचा पाठ कठीण झाला की व्हिक्टर संतापून वस्तू फेकी, चावे, लोळण घेई. हा मुलगा उंचीला भितो हे ईतारला ठाऊक होते. एके दिवशी त्याने त्याला उचलले आणि उंच खिडकीबाहेर धरले. मुलगा पांढराफटक पडला, निमूटपणे पाठाला लागला आणि नंतर अंथरुणावर पडून रडला. आपण त्याला रडताना प्रथमच पाहिले, असे ईतारने नोंदले आहे. ज्याला आपण या शास्त्राचा आद्यपुरुष म्हणतो त्याचाही हात असा उगारला गेला होता, हे लपविण्याचे कारण नाही. त्याने स्वतःही लपविले नाही.

दुसरा प्रसंग पुढच्या अहवालातला. व्हिक्टरला न्याय-अन्याय कळतो काय, हे ईतारला पाहावयाचे होते. म्हणून एके दिवशी मुलाने पाठ उत्तम केला असता शाबासकी देण्याऐवजी त्याने रागाचे सोंग आणले, पुस्तक भिरकावले आणि मुलाला शिक्षेच्या खोलीकडे ओढीत नेले. एरवी चूक झाल्यावर तेथे मुकाट्याने जाणारा व्हिक्टर या वेळी सर्व शक्तीनिशी झगडला आणि त्याने ईतारच्या हाताला कडकडून चावा घेतला. ईतारला विलक्षण आनंद झाला! न केलेल्या अपराधाची शिक्षा या मुलाला सोसत नाही, म्हणजे त्याच्या मनात न्यायाची जाणीव जागी आहे, हे त्या चाव्याने त्याला सांगितले. चाव्याला काही अर्थ असतो, तो वाचता येतो, हे या विषयातले पहिले सूत्र एका जखमी हातावर लिहिले गेले.

आणखी एक व्यक्ती या कथेत आहे, जिच्याकडे आमच्या मते इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती म्हणजे मादाम गेरँ. व्हिक्टरला न्हाऊमाखू घालणे, जेवू घालणे, फिरावयास नेणे हे सर्व ती करी. ईतारने प्रयोग थांबविल्यावरही व्हिक्टर तिच्याकडेच राहिला आणि १८२८ साली वारला. अहवाल डॉक्टरने लिहिले. रोजचे सकाळ-संध्याकाळचे चावे आणि हुंदके तिने झेलले. तिचा अहवाल नाही.

ईतारचे काम त्याचा शिष्य सेगँ याने पुढे नेले. तेथून आपण एकदम रोमला येऊ. मारिया माँटेसरी १८९६ साली डॉक्टर झाली. मंदबुद्धी मुलांसाठी काम करताना तिच्या हाती ईतार आणि सेगँ यांचे ग्रंथ आले, आणि तिने ते स्वहस्ते इटालियनमध्ये उतरवून काढले. घाईघाईने वाचण्यापेक्षा सावकाश लिहीत गेले म्हणजे प्रत्येक शब्द तोलला जातो, अशी तिची श्रद्धा होती.

६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिचे पहिले बालगृह उघडले. ते कशामुळे उघडले हे मोठे मौजेचे आहे. एका इमारत कंपनीने तेथील पडक्या चाळी दुरुस्त करून कामगारांना भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे जिने आणि नव्याने रंगवलेल्या भिंती खराब करीत. रंगसफेदीचा खर्च वाचावा म्हणून मालकांनी या पोरांना एका खोलीत एकत्र ठेवण्याचे ठरविले आणि त्यासाठी माँटेसरीबाईंना बोलावले. ज्या बालगृहाचे नाव पुढे जगभर गाजले त्याचा जन्म असा द्वाड पोरांच्या उपद्रवातून आणि मालकांच्या हिशेबातून झाला! पण त्या योजनेत एक फार शहाणपणाची अट होती. शिक्षिकेने त्याच चाळीत बिऱ्हाड करून राहावयाचे, आणि मुलांच्या आयांनी आठवड्यातून एकदा तरी तिच्याशी येऊन बोलावयाचे. पोर रात्री कोणत्या भांडणाच्या आवाजात झोपले हे शिक्षिकेला ठाऊक असेल, तर सकाळी ते का खेकसते हे तिला निराळे सांगावे लागत नाही.

तेथली पहिली शिक्षिका साधी, फारसे शिक्षणशास्त्र न शिकलेली बाई होती. एके दिवशी तिला यावयास उशीर झाला. आदल्या दिवशी साहित्याच्या कपाटाला कुलूप घालावयाचे राहून गेले होते. ती येऊन पाहते तो मुलांनी कपाट उघडून वस्तू बाहेर काढलेल्या! तिच्या दृष्टीने ही चोरी होती आणि चोरीला शिक्षा हवी. माँटेसरीने मात्र निराळेच पाहिले. या मुलांना आता वस्तूंची ओळख झाली आहे आणि कोणती घ्यावी ते स्वतःचे स्वतः ठरविता येते, असा तिने त्यातून अर्थ काढला. कुलपाची उंच कपाटे गेली आणि मुलांचा हात पोहोचेल अशी बुटकी कपाटे आली. आज आपल्या गावोगावच्या बालवाडीत जी बुटकी फळी दिसते, तिचा उगम त्या उशिरात आहे.

तथापि येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. माँटेसरीने मुलांना मोकळे सोडा म्हटले आणि सर्व सुरळीत झाले, असे झाले नाही. तिने शिक्षिकांना सांगितले, मुलांना अडवू नका. शिक्षिका बिचाऱ्या अक्षरशः अडवीनाशा झाल्या! मुले टेबलावर पाय टाकून बसली, नाकात बोटे घालू लागली, एकमेकांना ढकलू लागली, आणि बाई पुतळ्यासारख्या उभ्या. हे वर्णन खुद्द माँटेसरीने केले आहे. अखेर तिला स्वतः वर्गात उतरून, काय चालू द्यावयाचे आणि काय ठामपणे थांबवावयाचे, हे प्रत्यक्ष दाखवावे लागले. तत्त्व सांगितल्याने शिक्षिका तयार होत नाही, हा धडा त्या पद्धतीच्या जनकाला पहिल्या काही वर्षांतच मिळाला.

आणि वारंवार त्रास देणारे मूल? त्याच्यासाठी तिची योजना अशी होती. आधी डॉक्टरकडून त्याची तपासणी. त्यात दोष न आढळल्यास खोलीच्या एका कोपऱ्यात लहानसे टेबल आणि आरामशीर खुर्ची. तेथून त्याला इतरांची कामे दिसावीत, त्याला आवडणाऱ्या वस्तू जवळ असाव्यात. शिक्षिका वर्गात आली की आधी त्याच्यापाशी जाई, आजारी मुलाची विचारपूस करावी तसे त्याच्याशी बोले, मग इतरांकडे वळे. आज कोणी म्हणेल, कोपऱ्यात बसविणे म्हणजे शिक्षाच की! ही शंका आम्हांलाही आहे. पण अंगठे धरावयाला लावणारे कोपरे आम्ही पाहिले आहेत, त्यांच्याशी या खुर्चीची तुलना केली की अंतर कळते.

१९०९ साली तिने चित्ता दि कास्तेल्लो येथे शिक्षकांचा पहिला वर्ग घेतला. तीस वर्षांनी, १९३९ च्या नोव्हेंबरात, ती मद्रासला अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत आली तेव्हा ताडपत्रांच्या मांडवात तीनशेहून अधिक शिक्षक तिच्यापुढे बसले होते. ती इटालियनमध्ये बोले आणि तिचा मुलगा मारिओ ते इंग्रजीत सांगे. पुढच्याच वर्षी इटली युद्धात उतरले आणि मारिओला शत्रुदेशीय म्हणून अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणीत स्थानबद्ध केले गेले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, तिच्या सत्तराव्या वाढदिवशी, सरकारने त्याची सुटका केली. असो.

पण हिंदुस्थानात ही पद्धत माँटेसरीच्या आधीच येऊन पोहोचली होती. भावनगरला गिजुभाई बधेका हा वकील आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता बालशिक्षणाकडे वळला. दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्याने बालमंदिर काढले आणि पुढे शिक्षक घडविणारे अध्यापन मंदिरही चालविले. मिशा असलेली आई अशी त्याची ख्याती झाली. मार नाही, भीती नाही, बक्षिसाचे आमिषही नाही, हा त्याचा बाणा होता. १९२३ च्या सुमारास ताराबाई मोडक त्याला येऊन मिळाल्या. मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर, राजकोटच्या अध्यापिका विद्यालयातील मानाची जागा सोडून आलेल्या या बाईने गिजुभाईंबरोबर बालमंदिरात फरशीवर बसून काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३३ पासून ताराबाईंनी मराठी ‘शिक्षण पत्रिका’ चालविली. १९३६ साली दादरला शिशुविहार निघाले.

शहरातील बालमंदिर मध्यमवर्गाचे. फी देणाऱ्या पालकांची मुले स्वच्छ, पोट भरलेली. हे काम खेड्यात आणि गरिबाच्या दारात नेले तर काय होईल, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. मोरगावात जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या, त्यातून शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी पुढची सत्तेचाळीस वर्षे या कामाला दिली.

बोर्डीच्या दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द मराठीला मिळाला. पुढे १९५६-५७ च्या सुमारास डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर काम हलले. तेथील वारली मुले गुरे राखावयास जात म्हणून शाळा कुरणात गेली. परदेशी महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने आली. या गोष्टी बालशिक्षणाच्या पुस्तकांत आहेतच. आम्हांस त्यातले निराळे दिसते. न येणारे मूल हट्टी नाही, पळणारे मूल द्वाड नाही. त्याच्या येण्याच्या आड काय आहे ते आधी पाहावे, हा विचार येथे एका मुलापुरता न राहता साऱ्या वस्तीला लावला गेला. आणि दुसरे असे की ताराबाई अनुताईंना दुरून पत्रे धाडून शिकवीत नव्हत्या. दोघी एका ठिकाणी राहिल्या, एकाच मुलांत वावरल्या. ताराबाई १९७३ साली गेल्या, तोवर पाठराखणीचे हे नाते अठ्ठावीस वर्षे टिकले.

आता थोडे आमच्याविषयी. आम्ही लहान असताना आमच्या गावच्या बालवाडीत एक मुलगा चावरा म्हणून प्रसिद्ध होता. त्याचा चावा आमच्या दंडावरही पडलेला आहे. बाई वाईट नव्हत्या, पण थकून जात. त्याला खांबाशी उभा करीत, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चावे. मग तालुक्याहून एक प्रौढ बाई आल्या आणि दाराशी सतरंजीवर बसून राहिल्या. पहिले तीन दिवस त्यांनी काहीच केले नाही. आम्ही मुले तर त्यांना विसरूनही गेलो. चौथ्या दिवशी दोघी बायका सुटीनंतर बराच वेळ बोलत बसल्या होत्या. त्यानंतर बाई सुटीच्या आधी त्या मुलाला घंटा वाजवावयास देऊ लागल्या आणि घंटा झाल्यावर पेटी आवरण्यासाठी त्याला जवळ थांबवून घेऊ लागल्या. तो चावत असे तो इतरांच्या आया दाराशी दिसू लागल्या म्हणजे. त्याची आई जिनिंगमध्ये कामाला होती आणि कायम उशिरा येई. हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. बाईंना ते रोज समोर दिसत होते, पण तीस पोरांना आवरता आवरता पाहावयास सवड कोणाला होती?

सतरंजीवरच्या त्या बाईंनी केले त्याला आता शास्त्राची चौकट लाभली आहे. अमेरिकेत १९८० च्या सुमारास ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विचार करताना एक अप्रिय गोष्ट मांडली. व्याख्यानाने शिक्षकाला कळते. प्रात्यक्षिक पाहिल्याने आणि सराव केल्याने त्याला ते जमूही लागते. परंतु शिकलेले त्याच्या रोजच्या वर्गात उतरावयाचे तर कोणीतरी त्या वर्गात त्याच्यासोबत असावे लागते. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस थोडे अवघडल्यासारखे होते, हे कबूल करतो.

त्या देशाला याची निकड किती होती हे २००५ साली कळले. येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी चाळीस राज्यांतील सुमारे ३,९०० शासकीय बालवर्गांची पाहणी प्रसिद्ध केली. शाळेपूर्वीच्या या वर्गांतून दर हजारी ६.६७ मुले कायमची काढून टाकली जात होती. पुढच्या शालेय वर्गांतील प्रमाणाच्या तिपटीहून हे अधिक. तीन-चार वर्षांच्या मुलाला नाव कमी करून घरी पाठवावयाचे! काढलेल्यांत मुलगे मुलींच्या साडेचार पट, आणि कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे कोणाचा द्वाडपणा डोळ्यांत खुपतो हे मुलाच्या वागण्यावरच अवलंबून नव्हते. ज्या वर्गात मुलांच्या वर्तनाची जाण असलेला सल्लागार नियमित येत असे, तेथे मुले काढण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते.

२००३ पासून तेथे जी पद्धत ‘पिरॅमिड’ या नावाने पुढे आली तिचा पाया मुलाशी असलेला शिक्षिकेचा स्नेह हा आहे. त्यावर दिनक्रमाची आखणी, त्यावर भावना ओळखून त्या शब्दांत सांगावयास शिकविणे, आणि अगदी टोकाशी थोड्या मुलांसाठी खास योजना. बहुतेक उपद्रव पायाशीच विरतो, असे तिचे म्हणणे. तिच्याबरोबरची पाठराखीण करते काय, ते उदाहरणाने सांगू. समजा, गाण्याच्या वेळी एक मुलगा हटकून ठोकळे फेकतो. पाठराखीण शिक्षिकेबरोबर आधी एकच उद्दिष्ट ठरविते. मग कोपऱ्यात बसून नोंद करते: फेकण्यापूर्वी काय घडले, नंतर काय घडले, तो नीट बसला असता बाई त्याच्याशी किती वेळा बोलल्या, आणि फेकल्यावर किती वेळा. नंतर दोघी बोलतात. पाठराखीण निकाल देत नाही. आकडे पुढे ठेवते आणि विचारते, तुम्हांला यात काय दिसते? पुष्कळदा दिसते ते असे की गाणे लांबते आहे, मूल सर्वांच्या मागे बसले आहे, आणि बाईंची नजर त्याच्याकडे वळते ती केवळ ठोकळ्याच्या आवाजाने. पुढच्या आठवड्यात एक बदल, पुन्हा नोंद, पुन्हा बोलणे. हे काम चिकाटीचे आहे, चमत्काराचे नाही. आणि पाठराखीण जर वरिष्ठांकडे गोपनीय अहवाल धाडणारी असेल तर पहिल्याच दिवशी ते संपते.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिने बोर्डीचा शब्द उचलला. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. शब्द देशभर गेला. त्यामागची दोघींची जोडी गेली काय? अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन आहे. तिच्याकडे पोषण आहार, लसीकरणाची आठवण, वजनाच्या नोंदी, गरोदर बायांच्या भेटी, २०२१ पासून मोबाइलवरील पोषण ट्रॅकर, आणि यांतून उरलेल्या वेळात मुलांचे शिक्षण. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली खरी, पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. अंगणवाडीतला चार वर्षांचा नायक त्या उंबऱ्याबाहेर राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला आहे. तो दूरचित्रवाणी वाहिन्यांवरून आणि मोबाइलवरून शिकावयाचा, महिन्यातून एकदा तरी एकत्र वर्ग भरवावयाचा.

सेविकेच्या दारी नियमाने जाणारी एक व्यक्ती मात्र या योजनेत पहिल्यापासून आहे, ती पर्यवेक्षिका. सतरंजीवर बसावयाचे तर तिनेच. तिच्याकडे साधारण वीस ते पंचवीस अंगणवाड्या असतात. प्रत्येक ठिकाणी महिन्यातून दोन सकाळी नुसते बसून पाहावयाचे आणि सेविकेशी बोलावयाचे म्हटले, तर पंचवीस अंगणवाड्यांच्या पन्नास सकाळी होतात. महिन्यात कामाच्या सकाळी पंचवीस, आणि त्यांतल्या काही तालुक्याच्या बैठकीत जातात.